अंगठ्याच्या रकान्यातली फुली

प्रिय भिंगरी,

प्रिय लिहिलंय ते रीत म्हणून. तू समोर असतीस तर पहिला शब्द वेगळा निघाला असता, आणि तो तू कुठल्याच निबंधात छापला नसतास. तुझा लखोटा येऊन आज अकरा दिवस झाले. आत तुझा तो छापील निबंध, एक संमतीचा कागद, आणि तुझी चार ओळींची चिठ्ठी. की आई, घाई आहे, वर्ष संपायला दोनच महिने राहिले, पण हा कागद महिनाअखेरच्या आत परत आला तर प्राध्यापकबाई मला आणखी तीन वर्षं विद्यापीठात ठेवून घेतील, शिवणकाम करणाऱ्या बायकांवर मोठं पुस्तक लिहायचंय, सुरुवात तुझ्यापासून. फक्त मी पेन्सिलीने फुली केलीय तिथे अंगठा दे. फक्त, म्हणे.

कागदावर दोन रकाने आहेत. एक सहीचा, एक अंगठ्याचा. फुली अंगठ्याच्या रकान्यात. मला आधी वाटलं घाईत चुकली असशील, पोरगी पहिल्यापासूनच धांदरट, भिंगरी हे नाव काय उगाच पडलं? पण चिठ्ठीतही अंगठाच. दहा वर्षं तुझ्या प्रगतिपुस्तकावर सही कुणाची आहे गं? बाबा पहाटेच बस घेऊन ड्यूटीवर गेलेले, पुस्तक यायचं माझ्यापुढे, आणि गणिताचे मार्क दिसू नयेत म्हणून त्यावर तळहात ठेवून तू म्हणायचीस, आई, इथे कर, पटकन. तेव्हा बरी माझी सही चालायची. चौथीपर्यंत का होईना, शाळेत गेलेय मी. जोडाक्षरं अजून छळतात, पण हे पत्र काही शेजारणीकडून लिहून घेत नाहीये. मापांच्या वहीची पानं फाडून लिहितेय, मागच्या बाजूला कुणाची छाती-कंबर दिसली तर वाचत बसू नकोस.

निबंध तिकडच्या भाषेत. म्हणून दुकानात येतात त्या कॉलेजच्या बाई, एक खांदा उतरता आहे त्या, त्यांना म्हटलं, जरा वाचून सांगा, लेकीनं माझ्यावर लिहिलंय. मिरवतच म्हटलं, खोटं कशाला बोलू. काजं करणारी आपली काजवाली सुई तशीच धरून ऐकायला बसली. पहिल्याच ओळीत मी निरक्षर. दुसऱ्या ओळीत अंधाऱ्या खोलीत वाकून बसलेली. अंधारी! दुकानाला दोन खिडक्या आहेत, डोक्यावर दोन ट्यूब आहेत. काळ्या कापडावर काळ्या दोऱ्याची टीप अंधारात मारून दाखव मला एकदा. पुढे माझे अश्रू मशीनवर टपटप पडतात. मशीनवर पाणी पडलं तर मशीन गंजतं, एवढं तरी त्या प्राध्यापकबाईंना कुणी सांगायचं होतं.

आणि मग ती माया. बाई वाचता वाचता थांबल्या, चष्मा काढला, डोळे पुसले आणि म्हणाल्या, खरंच हो ताई, तुमच्या शिवणीत माया असते. मला वाटलं यांना कोट घट्ट होतोय. म्हटलं, असते ना, दोन्ही बाजूंना दीड-दीड इंच सोडलीय, ठेवून जा, उद्या सैल करून देते. बाई माझ्या तोंडाकडे बघतच राहिल्या. काजवाली इतकी हसली की मांडीवरचा बटणांचा डबा सांडला. मग कळलं, तू तिकडच्या भाषेत त्या मायेचं प्रेम करून टाकलंयस. म्हणे माझी आई प्रत्येक कपड्याच्या शिवणीत थोडं प्रेम सोडते, ते बाहेरून दिसत नाही. अख्खं पान त्याच्यावर. निबंधाचं नावसुद्धा तेच. आणि म्हणे प्राध्यापकबाईंनी ते वाक्य वर्गात दोनदा वाचून दाखवलं.

अगं, माया म्हणजे आतल्या बाजूला सोडलेलं जास्तीचं कापड. गिऱ्हाईक पुढच्या वर्षी फुगणार हे मला आजच दिसतं, म्हणून सोडलेलं. ते प्रेम नाही, संशय आहे संशय. माप देताना माणूस पोट आत ओढून, श्वास धरून उभं राहतं, हे तुला शिकवायला नको. तूच स्टुलावर चढून म्हणायचीस, काका, श्वास सोडा, नाहीतर आई तुम्हाला परत बोलावेल. दुसरीत असताना दातांच्या डॉक्टरांच्या कोटाची आतली माया कापून बाहुलीचं अंथरूण केलंस आणि माझ्या हातचा मार खाल्लास, विसरलीस? ते डॉक्टर सहा महिन्यांनी आले, कोट सैल करा म्हणाले, आणि आत काही नव्हतंच. मी दोन दिवस घालवून पाठीत जोड दिला आणि तो जोड म्हणजे नवी फॅशन आहे असं त्यांना पटवलं. हे लिहायचं होतंस. हे वाचून तिकडचे हसले असते आणि मी कोण आहे तेही त्यांना कळलं असतं. पण हसणारी आई तुला नको होती.

बाबांचं तर नावही नाही त्यात. मी जेवताना सांगितलं तेव्हा त्यांनी विचारलं, बाईंनी नीट बघितलं का? मी वारलोय का त्यात? म्हटलं, नाही, वारलात असंही लिहिलेलं नाही, तुम्ही नुसते नाहीच आहात. हसले. पण जेवण झाल्यावर दुकानातून आणलेली बटणं घेऊन बसले आणि पांढरी एकीकडे, काळी एकीकडे करत राहिले. काजवालीनं ती सकाळीच वेगळी करून ठेवली होती. तुझ्या गणवेशाचं एकूण एक बटण त्या माणसानं लावलंय, बसच्या फेऱ्या मारून आल्यावर, जाड बोटांनी. पण नवरा बटणं लावून देतो म्हटल्यावर माझी कीव कोण करणार, नाही का? म्हणून उचलला आणि काढून टाकला. इतक्या सफाईनं तर मी शिवणही उसवत नाही.

तू निघालीस त्या दिवसाचंही तेच. म्हणे मी दारात उभी राहून निःशब्द रडत होते. मी आणि निःशब्द! तू बॅगेवर बसली होतीस, मी जमिनीवर बसून तिची उसवलेली चेन शिवत होते आणि तुला शिव्या देत होते, कारण चार स्वेटर काढून तू तिथे पुस्तकं कोंबली होतीस, जशी काही तिकडे पुस्तकं मिळतच नाहीत. टॅक्सीवाला हॉर्न वाजवत होता, बाबा त्याला हात जोडत होते. घाईत सुई माझ्या बोटात गेली, तू बोट बघायला वाकलीस तर मी ओरडले, उठू नकोस, चेन सुटेल. आपला निरोप झाला तो असा. ह्यात काय कमी होतं म्हणून त्याला रडणं जोडलंस?

परवा फोनवर हेच विचारलं तर म्हणालीस, आई, इथे असंच लिहावं लागतं. कोण सांगतं तसं? मग सावकाश एकेक बाहेर आलं. पहिल्या आठवड्यात वर्गात सगळे आपापल्या घरचं सांगत होते. कुणाचे आजोबा न्यायाधीश, कुणाची आई मोठी सर्जन. तू म्हणालीस, माझी आई कपडे शिवते. कुणी काही विचारलं नाही, पुढच्या मुलीकडे वळले. जेवायच्या हॉलमध्येही महिनाभर तू ताट घेऊन कोपऱ्यातल्या टेबलावर. मग पुन्हा कधीतरी घरचा विषय निघाला तेव्हा तुझ्या तोंडून गेलं, माझ्या आईला लिहितावाचता येत नाही. आणि सगळा वर्ग तुझ्याकडे वळला. प्राध्यापकबाई खुर्ची ओढून तुझ्याजवळ येऊन बसल्या. त्या दिवसापासून तुला तिथे जागा मिळाली, असं म्हणालीस आणि रडायला लागलीस. मी फोन ठेवून दिला. तू रडलीस म्हणून नाही ठेवला. आता सही गेली तर तू उघडी पडशील, म्हणून अंगठा, हे माझ्या डोक्यात शिरलं आणि तळपायाची आग मस्तकात गेली. म्हणजे तू बोललेलं खोटं निभावायला मी ह्या वयात अंगठेबहाद्दर व्हायचं.

मी खोटं बोललेच नाही असं नाही. सोळाव्या वर्षी शिवणाच्या कारखान्यात कामाला गेले तेव्हा मालकीणबाईंनी विचारलं, कोट येतो का? मी ठणकावून सांगितलं, येतो. तोवर मी उशांचे अभ्रे सोडून काही शिवलं नव्हतं. पहिल्या कोटाची उजवी बाही डावीकडे लावली. मालकीणबाईंनी कोट वर धरून अख्ख्या कारखान्याला दाखवला, म्हणाल्या, हा घालणारा मागं मागं चालत जाणार. सगळ्या बायका हसल्या, मीसुद्धा हसले, आणि चार वेळा उसवून पाचव्यांदा ती बाही बसवली. ते खोटं मी माझ्या हातांनी खरं केलं. तुझं खोटं तसं नाही गं. मी स्वतःला वाढवून सांगितलं होतं. तू मला कमी करून सांगितलंस, आणि ते खरं करायचं तर आता मलाच शाळेत शिकलेलं विसरावं लागेल.

आता जे लिहायला बसले ते लिहिते. अकरा दिवस तो कागद अस्तरांच्या खणात खाली दाबून ठेवलाय. बाबा रोज विचारतात, गेला का? मी म्हणते, त्यात चूक आहे, फोनवर बोलून घेते. काल ते म्हणाले, चूक कागदात आहे की तुझ्यात? मी त्यांच्यावरही डाफरले, पण तेव्हापासून डोक्यातून जाईना. कारण लखोटा फोडला तेव्हा मला फुली नंतर दिसली, आधी तीन वर्षं दिसली. एक वर्ष मी कसं काढलं ते माझं मला माहीत, आणि अजून तीन. मग फुली दिसली आणि, तुला सांगू नये पण सांगते, मला बरं वाटलं. आयतं कारण मिळालं. कागद वेळेत गेला नाही की पोरगी दोन महिन्यांत घरी, आणि दोष तिचाच. बाईंकडून निबंध वाचून घेतला तोही अजून काही सापडतंय का बघायला, आणि तू भरभरून दिलंस. वर लिहिलेला राग खराच आहे, त्यातला एक शब्द मागे घेत नाही. पण त्या रागाआड मी तुझी महिनाअखेर घालवायला बसले होते. तेव्हा आज दुकान उघडायच्या आधी कागद काढला, वहीत तीनदा गिरवून बघितलं, आणि सहीच्या रकान्यात सही केली. पूर्ण नाव, बाबांच्या नावासकट, जोडाक्षरासकट. तू हा कागद घेऊन प्राध्यापकबाईंसमोर बसायचं आणि तुझ्या तोंडानं सांगायचं की माझ्या आईला लिहिता येतं, मी खोटं बोलले. हवं तर हे पत्र वाचून दाखव, शिव्या गाळू नकोस. ऐकूनही त्यांनी ठेवून घेतलं तर राहा तीन वर्षं. त्या विचारतील ते फोनवर सांगेन, बाबाही सांगतील, त्यांनी आत्तापासूनच काय काय आठवून ठेवलंय. नाही ठेवलं तर ये. मला ह्यातलं काय हवंय ते विचारू नकोस, मी खरं सांगेन आणि तू ऐकशील, म्हणून विचारू नकोस. बाबा चपला घालून दारात उभे आहेत. पाकीट आत्ताच त्यांच्या हातात देते, उद्यावर टाकलं तर माझा मलाच भरवसा नाही.

तुझीच,
अजून रागातच असलेली
आई