वऱ्हाडाची पहिली गाडी

२ सप्टेंबर, बुधवार

रेल्याचं लग्न वीस तारखेला. वऱ्हाडात पहिली गाडी कुणाची, हे म्हणे अजून ठरायचंय. ठरवायचं काय त्यात? पहिल्या गाडीतून झेंडा निघतो, बॉनेटवर भरतकामाचा टॉवेल बांधतात, अख्खं आरिल्ये गाव रस्त्यावर येऊन बघतं. ती गाडी मामाची. रेल्याचे वडील गेले तेव्हा तो नऊ वर्षांचा होता. त्याला अकॉर्डियन शिकवलं मी. गालगुंडं झाली तेव्हा उशाशी बसलो मी. पण रायना (धाकटी बहीण, नवऱ्यामुलाची आई) म्हणते, बुदिमिर भावजींनाही मान द्यायला हवा. बुदिमिर तिचा दीर. बस डेपोतला रिटायर्ड मेकॅनिक. काका आहे, मान्य. काका काय, कुणीही होतो.

३ सप्टेंबर, दुपारी

चर्चपुढे गाडी बंद पडली. दोनदा. नेमका बुदिमिर तिथे. न विचारता सांगून गेला की थ्रॉटल सेन्सर सरकलाय. ॲक्सिलरेटरवर पाय किती दाबलाय ते हा सेन्सर गाडीच्या मेंदूला कळवतो. जागेवरून हलला की खोटं कळवतो, मग पाय उचलला की इंजिन मान टाकतं. दहा मिनिटांचं काम, सकाळी घेऊन या, प्रोफेसर, म्हणाला.

आभार मानले. नेणार नाही. उद्या गावभर सांगत फिरेल.

संकल्प : रविवारपर्यंत स्वतः करणे.

६ सप्टेंबर, रविवार

सेन्सर सापडला. दोन स्क्रू. ढिले केले की रेडिओच्या बटणासारखा फिरतो. बुदिमिरच्या मते पाय उचललेला असताना मीटरवर अर्धा व्होल्ट दिसला पाहिजे. मीटर त्याच्याकडे आहे. माझ्याकडे चाळीस वर्षं संगीत शाळेत घासलेला कान आहे. इंजिन चालू ठेवून सेन्सर हळूहळू फिरवला आणि योग्य सुरावर स्क्रू आवळले. अकरा मिनिटं. (बोट भाजलं, ती तीन धरून.)

९ सप्टेंबर

गाडीत कमालीचा उत्साह आलाय. उभी असतानाही इंजिन गरजतं. सिग्नलला ब्रेक दाबून धरावा लागतो, नाहीतर ती आपणहून निघते. रायनाला आयवारच्या (भाजक्या मिरच्यांची चटणी, वर्षभराची) मिरच्या आणायला बाजारात घेऊन गेलो. परतताना ती अर्ध्या वाटेत उतरली आणि वीस किलो मिरच्या घेऊन पायी गेली. दादा, मला लग्न बघायचंय, म्हणाली. बायकांना वेगाची सवय नसते.

११ सप्टेंबर

उत्साह जरा कमी करावा म्हणून शेजारचा एक छोटा स्क्रू पिळला. त्यावर कारखान्याचा पिवळा रंग होता, तो आधी खरवडला. हात लावायचा नसता तर स्क्रू ठेवलाच कशाला असता?

गाडी शांत झाली. इतकी, की अंगणातून निघेना.

संध्याकाळी रेल्याकडे गेलो. लग्नात वाजवायची धून एकदा बसवून घ्यावी म्हणून. तो बुदिमिरच्या अंगणात होता. दोघं एका बॉनेटखाली वाकलेले, कोपरापर्यंत काळे हात, कशावर तरी खदखदा हसत होते. मी कुंपणापाशी जरा थांबलो. आत गेलो नाही. घाईत होतो.

हल्ली अकॉर्डियनला वेळ होत नाही त्याला. बॉनेटला होतो.

१२ सप्टेंबर

बाजारातून स्वतःचा मीटर आणला. सेन्सर कसाही फिरवा, आकडा एकच : १. हवा अर्धा, येतो एक. म्हणजे दुपटीने चूक. दुपटीने उलटा फिरवला. तरी एक.

रात्री कळलं की मीटरचं बटण भलत्याच खुणेवर होतं. खुणा फार बारीक छापतात.

१५ सप्टेंबर

यश! सगळं पुन्हा कानाने लावलं. पोझेगाच्या रस्त्यावर गाडी शंभरने पळवली. लोण्यासारखी. परतताना मुद्दाम बुदिमिरच्या दारावरून नेली. तो बाहेर येऊन म्हणाला, जोरात कुठलीही पळते हो प्रोफेसर, जरा हळू चालवून बघा, वऱ्हाडाच्या पुढे बँडवाले पायी चालतात.

जळतो माणूस. पहिल्या दिवसापासून पाण्यात पाहतो मला. मला असला मत्सर कधी जमलाच नाही.

हळू चालवून बघितली नाही. त्याच्या सांगण्यावरून तर नाहीच.

१७ सप्टेंबर

रेल्या आज स्वतः आला. मामा, पहिली गाडी तुझी, म्हणाला. मी खिडकी पुसायला लागलो. डोळ्यांत काहीतरी गेलं होतं.

बुदिमिरला कळलं तेव्हा त्याचा चेहरा बघायला खास गेलो. शोभेल तुम्हाला, म्हणाला आणि घरच्या राकिया दारूचा पेला भरून पुढे केला. काय अभिनय!

२० सप्टेंबर, रविवार

झेंडा, टॉवेल, सगळं झालं. रेल्या माझ्या शेजारी बसला. पुढे बँड, मागे तेवीस गाड्या. आरिल्येत चौकापर्यंत दोनदा बंद पडली. लोकांना वाटलं मी फोटोसाठी थांबतोय. मीही हात केला.

मग नदीवरचा पूल. एका गाडीपुरता. तिथे तिसऱ्यांदा, चौथ्यांदा, आणि पाचव्यांदा सुरूच होईना. बँडवाले मागे न बघता वाजवत पुढे गेले आणि नवऱ्यामुलाशिवाय नवरीच्या, सेन्काच्या दारात पोचले. तिचे वडील बाहेर येऊन बघतात तर सात ट्रंपेट आणि एक ढोल. इकडे बाजूने जायला जागा नाही. आणि वऱ्हाडाने मागे फिरायचं नसतं, हे सगळ्या म्हाताऱ्या खिडकीतून ओरडून सांगत होत्या.

रेल्याने काच खाली केली, मान बाहेर काढली आणि हाक मारली. काका!

मी शेजारीच होतो.

बुदिमिर सूट घालून, कोटाला रोझमेरीची डहाळी लावून, चौथ्या गाडीतून चालत आला. बॉनेट उघडलं. सेन्सरचा प्लग उपटला. नुसता उपटला. मारा स्टार्टर, म्हणाला. गाडी सुरू झाली आणि मांजरीसारखी घुरघुरत राहिली. म्हणे सेन्सर नसला की इंजिन आपल्या अंदाजाने चालतं, खोटं ऐकण्यापेक्षा काही न ऐकलेलं बरं. पंधरा दिवस मी ज्याची मनधरणी केली, ते काढून टाकल्यावर सगळं सुरळीत.

मग रेल्या फार हळू आवाजात म्हणाला, मामा, पुढचं काका चालवू दे का? तू त्याची गाडी घेऊन येशील?

घेऊन गेलो. चौथ्या नंबरवर. त्याची गाडी एकदाही बंद पडली नाही. मी वाट बघत होतो.

२१ सप्टेंबर

फोटो आले. माझी गाडी, माझा झेंडा, माझा रेल्या, आणि स्टिअरिंगवर तो.

रायनाला म्हटलं, सुरुवातीपासून त्याचा डोळा होता त्या जागेवर. ती उरलेल्या वड्या डब्यात भरत होती. थांबली. म्हणाली, दादा, रेल्याने आधी भावजींनाच विचारलं होतं. तेच म्हणाले, प्रोफेसरांची लावा पुढे, त्यांना तुझ्याशिवाय कोण आहे.

ही गोष्ट तिने मला सांगायला नको होती. त्याने ती करायलाच नको होती.

२३ सप्टेंबर, संध्याकाळी

रेल्या आणि बुदिमिर न सांगता आले. नवा सेन्सर बसवला, पिवळा रंग खरवडलेला तो स्क्रू जागेवर आणला, मीटरवर अर्धा व्होल्ट दाखवला. दहा मिनिटं. मी घड्याळ लावून बघत होतो.

इंजिन एका लयीत चाललं होतं. तिघंही उभे राहून ऐकत होतो. रेल्याने विचारलं, आता कशी वाटते, मामा? मी म्हणालो, किंचित बेसूर आहे.

दोघं हसले. एकाच क्षणी, एकाच पट्टीत, शेवटचा हेलही तोच. नऊ वर्षांचा होता तेव्हापासून या मुलाचं हसणं ऐकतोय, आणि ते कुणासारखं आहे हे आज कळलं. यात मात्र माझा कान चुकत नाही.