तिसऱ्या गाण्यावरची टिचकी

१४ जानेवारी, मंगळवार

सापडला! डॅडीचा सीडी प्लेअर. वाडीतल्या खोपीत, रिकाम्या टोपलीखाली. हेडफोनची वायर नीट गुंडाळलेली. गुरुवारी सकाळी वांग्यांना पाणी सोडता सोडता डॅडी पडला आणि गेला, तेव्हा कमरेलाच असणार. धाकूने काढून ठेवला असेल. धाकू आमच्याकडे वाडीत कामाला आहे, डॅडीला उचलून घरी आणणारा तोच.

अख्खी गोराई त्या प्लेअरला हसायची. मी सगळ्यात जास्त. फोनमध्ये हजार गाणी भरून देते म्हटलं, तर म्हणाला, "फोनमध्ये मधेच कोणीतरी बोलायला येतं." विषय संपला.

सीडी आत तशीच आहे. मम्मी-डॅडीच्या लग्नाला पंचवीस वर्षं झाली तेव्हा गावच्या बँडने वाजवलेली गाणी. माझ्या भावाने, डॅरिलने, दुबईला जाण्याआधी उतरवून दिली होती. इतकी वर्षं ही एकच सीडी!

१५ जानेवारी

ऐकायची हिंमत नाही.

१९ जानेवारी, रविवार

ऐकली. न्हाणीघरात, पालथ्या बादलीवर बसून, नळ सोडून. चोरासारखी.

आमच्यात माणूस गेलं की वर्षभर घरात गाणं नाही, टीव्ही नाही, कुणाच्या लग्नात नाचणं नाही. टीव्हीवर मम्मीने चादर टाकली आहे. शेजारची कार्मेनआंटीसुद्धा रेडिओ हळू लावते. मला सगळं मान्य आहे. पण हे गाणं नाही, हा डॅडी आहे — हे कुणाला सांगू?

तिसऱ्या गाण्यावर सीडी अडकली. अडकणारच, तिथे ओरखडा आहे. रविवारी चुलीवर डुकराच्या मटणाचं सोरपोटेल असायचं आणि डॅडी प्लेअर छोट्या स्पीकरला जोडायचा. तिसऱ्या गाण्यात ट्रम्पेटला उचकी लागली, तेच तेच वाजायला लागलं, की झाकणावर एक टिचकी. गाणं पुढे! आणि स्वयंपाकघरातून मम्मी, "रोनाल्ड, बंद कर ते, डोकं उठलं." दर रविवारी हेच.

आज मी टिचकी मारली. गाणं पुढे गेलं. मग जे रडायला आलं ते थांबेना. नळ सोडला होता म्हणून बरं.

२३ जानेवारी

ऑफिसातून आले, जेवले, झोपले. घरात भांड्यांचा तेवढा आवाज.

२ फेब्रुवारी, रविवार

मम्मीने पकडलं. खोपीत बसले होते, डोळे मिटून. ती कधी आली कळलंच नाही. हेडफोन कानावरून ओढला.

"बाप मातीत आहे तुझा, आयव्ही. आणि तू कानात बँड लावून बसलीस?"

मी उठून घरात निघून आले. आता सुचतंय सगळं. तू एकदा तरी रडलीस का गं? कबरीवर नाही, घरी नाही. मूठभर माती टाकली, हात झटकले, आणि घरी येऊन आल्यागेल्याला चहा दिला. वर 'साखर चालेल ना' विचारलं! बत्तीस वर्षांचा संसार. बाईला काळीज आहे की पाटा-वरवंटा?

असं लिहू नये आईबद्दल. लिहिलं.

९ फेब्रुवारी, रविवार

डॅडीसाठी चर्चमध्ये महिन्याची मिस्सा झाली. मिस्सानंतर गेलेल्याचे कपडे देऊन टाकायचे, ही रीत. मम्मीने डॅडीचे शर्ट घड्या करून धाकूच्या पिशवीत भरले. लग्नातला कोटही. आणि सगळ्यांच्या वर प्लेअर ठेवला.

मी उचलून घेतला. घरभर पाहुणे, सगळे बघताहेत. म्हटलं, हा नाही देणार. मम्मी म्हणाली, "ठेवून काय करणार? वाजवायचा तर नाहीच." धाकू बिचारा मान खाली घालून म्हणाला की त्याला नको, त्याच्याकडे कुठे सीड्या आहेत. त्यावर मम्मीने माझ्या हातातल्या प्लेअरकडे पाहिलं. मग त्याला म्हणाली, "आज राहू दे. बुधवारी ये, तेव्हा ने."

म्हणजे देणारच. मला वाटलं होतं, माझ्या डोळ्यांतलं पाणी बघून तरी विरघळेल.

१० फेब्रुवारी, सोमवार

सेल संपले. दुसऱ्या गाण्यातच आवाज रडका झाला आणि बंद. काढून कचऱ्यात टाकले. प्लेअर उशीखाली ठेवलाय.

ठरलं माझं. ऑफिसातल्या श्वेताच्या पीजीत एक कॉट रिकामी आहे, बोरिवलीत. उद्या नवीन सेल घेते, कपडे भरते आणि प्लेअर घेऊन शेवटच्या बोटीने खाडीपलीकडे. बुधवारी धाकू येईल तेव्हा मम्मीने द्यावं त्याला काय द्यायचं ते. आणि बसावं त्या चादर घातलेल्या टीव्हीसमोर. एकटीने. डॅडी नसलेल्या घरात मला राहवत नाही, आणि तिला तो नाही हे जाणवतही नाही.

११ फेब्रुवारी, मंगळवार

ऑफिसातून लवकर निघाले. सेल पर्समध्ये. दार नुसतं लोटलेलं होतं.

मम्मी माझ्या खाटेवर बसली होती. डोक्यावर डॅडीचे हेडफोन, मांडीवर प्लेअर, डोळे मिटलेले. उजवा पाय तालात हलत होता. मी दारातच थांबले.

प्लेअरमध्ये सेल नव्हते.

थोड्या वेळाने पाय अडखळला. तिने डोळे न उघडता झाकणावर टिचकी मारली. मग पाय पुन्हा हलायला लागला.