कानातल्या सुया आणि सकाळची गोळी

तीर्थरूप मामांस शिरसाष्टांग नमस्कार. (मानेत अजून एक जागा दुखते, त्यामुळे आठांपैकी सात अंगांनीच केलाय, चालवून घ्या.) मामीचे गुडघे काय म्हणतात? तुमचं बीपी कसं आहे ते विचारत नाही. तुम्ही गोळ्या बंद केल्यात हे मामीनं मला फोनवर सांगितलेलं नाही, असं तुम्हाला सांगायला तिनं मला सांगितलंय.

बंद केल्यात त्या माझ्यामुळं. गेल्या महिन्यात मी फोनवर सुयांची फुशारकी मारली ना, म्हणून. तेव्हा जे सांगायचं राहिलं ते आता सगळं लिहितो.

इथं क्रेनवर चढायच्या आधी दर सोमवारी कंपनीच्या नर्सबाई दंडाला पट्टा आवळतात. आकडा जास्त आला की आठवडाभर क्रेन बंद, खाली गोदामात झाडू. माझे दोन आठवडे झाडूत गेले. (वय सव्वीस आणि बीपी सासऱ्याचं, असं बाई म्हणाल्या. मला अजून सासरा नाही हे सांगून पाहिलं, उपयोग झाला नाही.) त्यांनी गोळी सुरू केली. फोरमन म्हणाला, सुयाही टोचून घे, माझी पाठ त्यांनीच सुटली. म्हणून गेलो.

सुईवाले डॉक्टर चपलांच्या दुकानावर, पहिल्या मजल्यावर बसतात. चार पलंग, मधे पडदे. केसासारख्या बारीक सुया, कानांत दोन, मनगटांवर दोन, नडग्यांवर दोन आणि टाळूवर एक. दुखत नाही, खरं सांगतो. जड जातं ते वीस मिनिटं न हलता पडून राहणं. शर्टाचं माप घेताना तुम्ही मला गुडघ्यांत दाबून धरायचात, त्यावरून समजा. तरी दोन खेपांनी आकडा उतरला, आणि मी लगेच तुम्हाला फोन लावला. त्या दिवसांत नर्सबाईंची गोळीही रोज चालू होती, एवढंच सांगायचं राहिलं. मग आकडा उतरलाच आहे म्हणून गोळी सोडली.

तिसऱ्या खेपेला शेजारच्या पडद्याआड कुणाची तरी वेळ संपली आणि घंटी वाजली. आमच्या कंपनीत सुट्टीची घंटी वाजली की हातातलं टाकून फाटकाकडं चालू लागायचं, चार वर्षांची सवय. मी डुलकीत होतो. उठलो, चपला घातल्या, जिना उतरलो आणि बसच्या रांगेत जाऊन उभा राहिलो, सातही सुयांसकट. लोक बाजूला सरकून जागा देऊ लागले. मला वाटलं, आज माणसं फारच सभ्य झालीत. एका आजीबाईंनी मला खालून वर न्याहाळलं आणि हळूच विचारलं, "बाळा, टाळूवरची ती रेंजसाठी आहे का?"

तेवढ्यात डॉक्टर अनवाणी धावत आले, मागून त्यांची बायको त्यांच्या चपला घेऊन. मला दंडाला धरून वर नेलं, सुया काढल्या, बीपी मोजलं. वाढलेलं. मग डॉक्टरांच्या बाईंनी तोच पट्टा त्यांच्या दंडाला लावला. माझ्यापेक्षा वीसनं जास्त. सकाळची घेतलीत का, असं त्यांनी विचारलं, तर डॉक्टर छताकडं बघायला लागले. बाईंनी खण उघडून गोळी काढली, पाणी दिलं. मी विचारलं, डॉक्टर, तुम्हीसुद्धा गोळी? ते गिळून म्हणाले, "मी सुया टोचतो. गोळी सोड म्हणून कुणाला सांगितलंय मी? तू घेतोयस ना?"

मग मीही छताकडं बघितलं. पुढच्या सोमवारी परत झाडू.

बाकी इकडे सगळं ठीक. मामीला नमस्कार सांगा, पण तिला रागावू नका.

तुमचा भाचा,
भिरभिऱ्या

ता. क. : तुम्ही आरशात बघून स्वतःच्या कानात सुया टोचताय, तेही काजं करायच्या, हे मामीनं सांगितलेलं नाही. मामा, चाळीस वर्षं कोट शिवलेत तुम्ही, पण कानाला अस्तर नसतं.

ता. क. दुसरा : पत्र मिळेल त्या दिवसापासून सकाळी आठला गोळी घ्या आणि मला एक रिंग द्या. ती आली की मी माझी घेईन. नाही आली तर मीही घेणार नाही, आणि सोमवारी नर्सबाई मला पुन्हा क्रेनवरून उतरवतील. फोरमननं सांगून ठेवलंय, आता उतरलास तर परत चढायचं नाही. तेव्हा माझी नोकरी तुमच्याकडं दिली आहे, सांभाळा.