जिथे माणूस कमी, तिथे मी

किलकेनी, आयर्लंड, रविवार सकाळ

ती. बाबा,

तुम्हाला आणि आईला इथूनच वाकून नमस्कार. थोडे दिवस व्हिडिओ कॉल जमणार नाही, म्हणून पत्र. मी कसा आहे? इथे नुसतं ठीक असलं तरी सगळे 'ग्रँड' म्हणतात, तसा ग्रँड.

बेसबॉलमध्ये तुझी एक जागा ठरलेली का नाही, असं तुम्ही विचारलंत. आमचा कोच वॉल्टर अमेरिकेत बारा वर्षं पगारी खेळाडू होता. कधी बेसवर, कधी मैदानाच्या पार टोकाला, जिथे माणूस कमी तिथे तो. मोठमोठे नावाजलेले घरी गेले, पण हा टिकला. मलाही तसंच टिकायचंय. कंपनीत माणसं कमी करताहेत, पण तुम्ही काळजी करू नका. मी आता तिन्ही विभागांचं काम शिकलोय.

गेल्या मॅचला मी कॅचर होतो, म्हणजे आपला विकेटकीपर. पण इथे ग्लोव्ह एकाच हातात असतो आणि दुसरा हात पाठीमागे ठेवायचा. मी सवयीने दोन्ही पुढे केले. 'दोन्ही हातांनी धर' हे गच्चीवर तुम्हीच शिकवलंत ना! उजव्या हाताला जरासं लागलं.

वॉल्टर म्हणाला, फायनलला घरी बस. मी म्हटलं, पाय शाबूत आहेत, कुणाच्या तरी बदली धावायला घ्या. मी धावणार आहे.

तुमचा गुडघा कसा आहे? जिना चढता ना?

पत्र आईला वाचून दाखवा, पण हातात देऊ नका. ती माझं अक्षर ओळखते, आणि हे डाव्या हाताचं आहे.

तुमचा
सारंग