बाबा आले माझ्याच भिंतीवर

२६ सप्टेंबर १९९१, निडी
फर्स्ट शिफ्ट बुडाली. कारण सबळ. माजघराच्या भिंतीवर पंजाएवढं पाखरू येऊन बसलंय. तपकिरी, पंखांवर डोळ्यासारखे ठिपके. पितृपक्ष चालू. गिरजा म्हणाली, मामंजी आले. बरोबर! कावळा होऊन कुणाचेही येतात. धाकट्या विठूने म्हणे तिकडे गडब गावी बाबांचं हगणं-मुतणं काढलं. वारले त्याच्या घरी, पण आले थोरल्याकडे. शेवटी माया ती माया.

२७ सप्टेंबर
दुधाची वाटी ठेवली. शिवलं नाही. बाबांना साय आवडायची नाही. उद्या गाळून ठेवणार.
आय म्हणते, पतंग हाय रं तो, दिव्यावर आलाय, उडवून दे. सवाष्ण असताना तरी कुठे किंमत केली बाबांची!

२८ सप्टेंबर
आय खोकते, पाखरू दचकतं. आयची गोधडी पडवीत टाकली. हवा छान. झड येते थोडी. भिजाया व्हतंय म्हणाली. पितृपक्ष संपेपर्यंतच, असा शब्द दिला. मी शब्दाचा पक्का.

३० सप्टेंबर
आयला ताप. गोळी दिली. डॉक्टर उद्या नक्की. धाटावला कंपनीत पाखराचं सांगितलं. काळुराम हसला. त्याच्या घरी कोण येणार?
विठूला मुद्दाम निरोप धाडला: बाबा आलेत, बघून जा. जळू दे.

१ ऑक्टोबर
विठू टेम्पो घेऊन आला. भिंतीकडे बघितलंसुद्धा नाही. आयच्या कपाळाला हात लावला, तिला उचलून टेम्पोत बसवली. म्हटलं, बाबांच्या पाया तरी पड. तर म्हणतो, "दादा, बाबा मरताना दाराकडं बघत व्हते. तू नाय आलास." लहानपणापासून नाटकी.
डॉक्टरचा खर्च त्याच्या नशिबी होता.

४ ऑक्टोबर
भिंतीवर तांबूस अंडी. गिरजा हसून हसून खाली बसली. मामंजी नव्हते, मादी हाय म्हणाली. असू दे. आजी असेल. आजीचाही लाडका होतो.

५ ऑक्टोबर
पाखरू मेलं. मुंग्या लागल्या. गिरजाने केरसुणीने लोटलं.
घर फार गप्प. आयला परत आणणार. मोठ्या मनाने.

६ ऑक्टोबर
गडबला गेलो. आय विठूच्या दुकानापुढे पेज पीत बसलेली. ताप उतरलेला. चल म्हटलं. माझ्याकडे बघत म्हणाली, "कोन पायजे तुमाला?" ताप डोक्यात गेला असणार. विठू म्हणाला, सकाळपासून गिऱ्हाईकं तीच बघतेय, सगळ्यांना नावानिशी हाका मारते.
मग आयने आत सुनेला हाक घातली, "पाव्हण्याला च्या दे गो."
बाहेरच्या बाकड्यावर बसून प्यालो.