बाया नवसू मोरमारे हिला किरणची आई नसल्याचा दाखला मिळणेबाबत

प्रति,
मा. निबंधक, जन्म-मृत्यू नोंदणी तथा ग्रामपंचायत अधिकारी,
ग्रामपंचायत कार्यालय, कारवीवाडी,
ता. मावळ, जि. पुणे.

अर्जदार : श्रीमती बाया नवसू मोरमारे, वय अंदाजे ५६, धंदा भातलावणी, भांगलण व तळ्याकाठच्या तंबूवाल्यांच्या चादरी धुणे, रा. कारवीवाडी, वरची आळी.
अर्ज लिहिणार : हौशीराम घारे, निवृत्त पोस्टमन, पवनानगर.

विषय : अर्जदार ही किरण नवसू मोरमारे याची आई नाही, असा दाखला तातडीने मिळणेबाबत.

संदर्भ : १) आपल्या दप्तरातील जन्मनोंद, सन १९९५.
२) कॅनडा देशातील एका प्रांताच्या कार्यालयाचे पत्र, दि. २९ ऑक्टोबर २०२५.
३) अर्जदाराने आपली घेतलेली समक्ष भेट, मंगळवार, दि. ११ नोव्हेंबर २०२५.

महोदय,

वरील विषय वाचून आपण कपाळाला हात लावाल, याची लेखनिकाला कल्पना आहे. त्याने चौतीस वर्षे टपाल वाटले आणि निवृत्तीनंतर अकरा वर्षे लोकांचे अर्ज लिहिले. आईचे नाव लावून मिळावे म्हणून लिहिले, आईच्या नावात चूक झाली म्हणून लिहिले. पण जिवंत बाई आपल्या पायांनी येऊन "मी त्येची आई न्हाई, असं लिवून द्या" म्हणते, असा अर्ज हा पहिलाच. त्याने तिला तीन वेळा परत पाठवले. चौथ्या वेळी ती बाकावरून उठेचना, तेव्हा कागद पुढे ओढला. अर्जदारास लिहिता-वाचता येत नाही. खालील मजकूर तिने सांगितल्याप्रमाणे, आणि जिथे तिला बोलवेना तिथे लेखनिकाने समजून घेतल्याप्रमाणे आहे.

१. किरणच्या आधी अर्जदाराला दोन मुले झाली. पहिली मुलगी अकराव्या दिवशी गेली. दुसरा मुलगा भिंतीला धरून चालू लागला होता, तो एका तापात गेला. दोघांचीही नोंद आपल्याकडे सापडणार नाही. त्या काळी वरच्या आळीतून माणूस खाली ग्रामपंचायतीत यायचा तो रेशनकार्डासाठी, बाळाच्या येण्याजाण्यासाठी कोणी एवढा डोंगर उतरत नसे. तिसऱ्या खेपेस दिवस राहिले, तेव्हा अर्जदाराने कोणाला सांगितलेच नाही. पोट दिसू लागले तेव्हा लोकांना कळले.

२. त्या आळीत अशी रीत आहे, की जिची मुले वाचत नाहीत तिने पुढचे मूल जिची वाचतात तिला विकून टाकायचे. मग न्यायला येणारा दाराशी येतो, इथे घरचे मूलच नाही असे बघतो आणि रिकाम्या हाताने जातो. शेजारीण हिरा हिची चारही मुले धडधाकट होती. किरण चार दिवसांचा झाला. पाचवीला सटवाई नशीब लिहायला येणार, त्याच्या आत उरकायचे म्हणून सासू झुंबरबाईने त्याला सुपात घालून उंबऱ्याबाहेर ठेवले. हिरा अंगणात उभी राहून मोठ्याने म्हणाली, "काय इकायचंय?" झुंबरबाई म्हणाली, "एक प्वार हाय. कुणाचं ठावं न्हाई." पायलीभर नाचणीवर सौदा ठरला. अर्जदार आत बाजेवर पडून ऐकत होती. त्यानंतर तिने स्वतःच्या मुलाला पाजले ते हिराचे मूल म्हणून. असे मूल पुढे त्याच्या लग्नात, हळदीच्या दिवशी, तेवढीच नाचणी देऊन परत घ्यायचे असते. तोवर आईने त्याला आपले म्हणायचे नाही आणि त्याने तिला आई म्हणायचे नाही.

३. चूक झाली ती इथून पुढे. जन्माची नोंद करायला झुंबरबाई स्वतः खाली आली, कारण आता मूल वाचणार अशी तिची खात्री झाली होती. तेव्हाच्या ग्रामसेवकाने बापाचे नाव विचारले, तिने नवसू सांगितले. आईचे नाव विचारले, तिने हिरा सांगितले. झुंबरबाई खोटे बोलणारी बाई नव्हती. पोर ज्या बाईने घेतले ती त्याची आई, एवढे तिला स्वच्छ कळत होते. ग्रामसेवक बाहेरगावचे, नवीन आलेले. हिरा ही दुसऱ्याची बायको आहे हे त्यांना कुठून कळणार? सांगितले ते त्यांनी लिहिले, झुंबरबाईने अंगठा दिला. तोच कागद शाळेत गेला, शाळेतून आयटीआयला गेला, तिथून पासपोर्टात गेला. आळीत कोणाला यात वावगे वाटले नाही, म्हणून दुरुस्त करायलाही कोणी आले नाही.

४. किरण वाढला अर्जदाराच्याच घरात. जेवला तिच्या हातचे, मार खाल्ला तिच्याच हातचा. पण आई म्हणायचा हिराला आणि अर्जदाराला म्हणायचा मावशी. वडील नवसू वारले तेव्हा किरण नववीत होता. त्याही दिवशी तो "मावशी, रडू नगं" असेच म्हणाला. लहानपणी एकदा तापात मात्र त्याच्या तोंडून तिच्यासाठी 'आई' असा शब्द निघाला, तर हिने झटकन त्याच्या तोंडावर हात ठेवला. हात कसा ठेवला ते अर्जदाराने लेखनिकाला करून दाखवले. ते या कागदावर उतरवता येत नाही.

५. किरण वेल्डिंग शिकला. तळेगावकडे कारखान्यात सहा वर्षे काम केले. तीन वर्षांपूर्वी कामाचा परवाना काढून कॅनडाला गेला. तिथे धान्य साठवायच्या मोठमोठ्या लोखंडी कोठ्या जोडण्याचे काम करतो. (प्रांताचे नाव लेखनिकास वाचता येते, लिहिण्याची खात्री वाटत नाही. सोबतच्या पत्रावर पाहावे.) तो कायमचा राहावा असे त्या प्रांताला वाटते. तिथे अशी पद्धत आहे, की कुशल कामगाराचे नाव आधी प्रांत सुचवतो आणि मग वरचे सरकार त्याला कायम राहण्याची परवानगी देते. आपल्याकडे ग्रामसभेचा ठराव वर जातो, तसलाच प्रकार. कारवीवाडीचा मुलगा आम्हाला हवा असे एक अख्खा प्रांत लिहून देतो, याचा आपणासही आनंदच वाटेल.

६. त्यासाठी जो फॉर्म भरायचा होता, त्यात आईचे नाव, आणि हयात की मयत, असा रकाना होता. किरणने निमूट हिरा लिहिले असते, तर कोणी काही विचारले नसते. सगळे कागद तेच बोलतात. हिरा दोन वर्षांपूर्वी वारली, तिचा मृत्यूचा दाखलाही आपणच दिला आहे. पण फॉर्मच्या शेवटी, लिहिले ते सर्व खरे आहे, अशी सही करायची होती. किरणने त्या रकान्यात लिहिले : बाया नवसू मोरमारे, हयात. हिराची नात समीक्षा तळ्याकाठच्या एका हॉटेलात काम करते, इंग्रजी जाणते. जुने दाखले पाठवण्यासाठी किरणने तिला सगळे कागद मोबाईलवर धाडले होते. तिने ती ओळ अर्जदाराला वाचून दाखवली. अर्जदाराने ती बोटाने दाखवायला लावली. बोट लागून चित्र सरकले, तर पुन्हा आणायला लावली. तापातला तो एक शब्द सोडला, तर तीस वर्षांत तो हिला आई म्हणाला तो एवढ्याच ठिकाणी.

७. आता तेच अंगाशी आले आहे. जन्मदाखल्यात आई एक आणि फॉर्मात दुसरी, तर खरी कोण याचा सरकारी पुरावा २८ नोव्हेंबरच्या आत द्या, नाहीतर खोटी माहिती दिली असे धरून फाईल बंद होईल, असे त्या कार्यालयाने कळवले आहे. किरणचा परवाना जानेवारीत संपतो. नोंद दुरुस्त करावी म्हणून अर्जदार मंगळवारी आपणाकडे आली. आपण तिला खुर्ची दिलीत, चहा दिलात आणि पुरावा मागितलात. त्यात आपले काहीच चुकले नाही. पण बाळंतपण घरी झाले. सुईण गेली, झुंबरबाई गेली, नवसू गेला, हिरा गेली. रक्ताची तपासणी करायची तर त्याला तिकडून विचारणा यावी लागते आणि निकाल मुदतीत येत नाही, असे समीक्षाने चौकशी करून सांगितले. कोर्टाचा हुकूम आणायचा, तर चौदा दिवसांत कोर्टाची तारीखसुद्धा मिळत नाही. या बाईने मूल जन्माला घातले याला मावळ तालुक्यात आज एकही कागद साक्षीला नाही.

८. म्हणून अर्जदाराने दुसरी वाट धरली आहे. आपल्या नोंदवहीप्रमाणे किरणची आई हिरा असून बाया नवसू मोरमारे ही त्याची आई नाही, एवढेच आपण लिहून द्यायचे आहे. आपणास खोटे लिहावे लागणार नाही. आपल्या नोंदवहीत खरोखरच तसे आहे.

९. किरणला हे मान्य नाही. फोनवर तो समीक्षासमोर म्हणाला, "मावशी, मी पयल्यांदा खरं लिवलंय. त्ये खोडायचं न्हाई. फाईल जाऊंदे, मी येतो परत." त्यावर अर्जदार त्याला म्हणाली, "तू जगलास, मला लय झालं. कुनाचा का असंना." तिच्या मनात आणखी एक आहे, ते तिने त्याला सांगितले नाही, लेखनिकाला सांगितले. लग्नात परत घ्यायच्या आधीच त्याने हिला आई म्हटले आणि लगेच संकट आले. नाचणी घेऊन त्याला परत द्यायला हिरा तर उरलेली नाही. तेव्हा त्याने तिचे नाव काढून टाकलेलेच बरे, असे तिला वाटते. लेखनिक असल्या गोष्टी मानत नाही. पण तिला ते तोंडावर सांगण्याची त्याची हिंमत झाली नाही. दाखला हातात आला की ती किरणला तो लावून, फॉर्मातले नाव चुकून पडले, असे कळवायला सांगणार आहे. तिने आजवर त्याच्याजवळ काही मागितलेले नाही, त्यामुळे तो ऐकेल.

१०. लेखनिकाने तिला परिणाम समजावून सांगितले. एकदा हा कागद गेला, की त्या देशाच्या लेखी किरणची आई दोन वर्षांपूर्वीच वारलेली असेल. पुढे तो आईला तिकडे बोलावू म्हणेल, तर त्याला आईच नसेल. अर्जदार आजारी पडली आणि त्याने रजा मागितली, तर ही बाई तुझी कोण असे विचारतील. अर्जदाराने हे सगळे ऐकून घेतले. मग म्हणाली, "शेजारीन म्हून सांगंल की." एवढे बोलून ती पदर तोंडात धरून बसली. लेखनिकाने चष्मा पुसण्यात थोडा वेळ घालवला, हे येथे कबूल करतो.

सबब आपणास प्रार्थना, की

(अ) विषयात नमूद दाखला दि. २१ नोव्हेंबरपर्यंत, गोल शिक्क्यासह मिळावा.

(ब) हा दाखला केवळ परदेशी कामासाठी असून मावळ तालुक्याच्या हद्दीत लागू नाही, असे त्यावर स्पष्ट लिहावे.

(क) अर्जदाराच्या मृत्यूची नोंदही याच कार्यालयात व्हायची आहे. त्या दिवशी माहिती देणारा किरण असेल. विमानाने यायला त्याला वेळ लागेल, म्हणून नोंदीची एकवीस दिवसांची मुदत संपेपर्यंत दुसऱ्या कोणाकडून नोंद घेऊ नये. 'मयताशी नाते' या रकान्यात तो जे सांगेल ते, कोणताही पुरावा न मागता लिहून घ्यावे. तोवर अर्जदार गेलेली असेल, त्यामुळे त्याने तो शब्द मोठ्याने उच्चारायला तिची हरकत नाही.

सोबत : १) प्रांताच्या कार्यालयाचे पत्र व समीक्षाने केलेला त्याचा मराठी सारांश. २) जन्मदाखल्याची प्रत. ३) हिराच्या मृत्यूच्या दाखल्याची प्रत. किरणने भरलेल्या फॉर्मची प्रत जोडलेली नाही. अर्जदार ती द्यायला तयार नाही.

आपल्या उत्तराकडे डोळे लावून बसलेली,

श्रीमती बाया नवसू मोरमारे
(डाव्या हाताचा अंगठा)

अर्जदारास वाचून दाखवले. कलम (क) तिने दोनदा वाचायला लावले, मग अंगठा दिला.
हौशीराम घारे

पवनानगर, दि. १४ नोव्हेंबर २०२५