राखणीबद्दल खरं ते

माय, तुला जाऊन वीस वर्षं झाली, आणि आज पहिल्यांदा मला तुझ्याशी बोलायची भीती वाटते आहे. काल सक्करदऱ्याला सभा होती. नेहमीचंच बोलले. कापसाच्या जिनात, गिरणीत कोवळ्या पोरांना जुंपायला आता कायदा आडवा येतो, मग वावरात का येत नाही? तिथलं ऊन काय कमी भाजतं? मग माझी गोष्ट सांगितली. नवव्या वर्षी मायने मला शाळेतून काढून मजुरीला लावलं, असं म्हटलं की बाया पदर डोळ्यांना लावतात. सभा संपल्यावर बेसा गावची एक म्हातारी काठी टेकत जवळ आली. तुझ्याबरोबर वावरातलं तण निंदायला जायची ती. म्हणाली, "बोलली चांगली वं पोरी. पण तुह्या मायनं तं तुले वावरातून फरफटत शाळेत नेलं होतं. म्या पाह्यलं नं या डोयानं." आणि हसत निघून गेली. तिच्या मनात काही नव्हतं.

खरं तेच आहे. ज्वारीच्या कणसांत दूध भरलं की मी पाखरं हाकायला मचाणावर असे, हातात गोफण, आणि आठवड्याची मजुरी पायलीभर ज्वारी. घरी आवाज चढला तर तू डोळे वटारायचीस. इथे ओरडण्याचेच दाणे मिळत. मालक तुला म्हणायचा, "काय वं, तुह्या पोरीचा गळा हाये का मिलचा भोंगा? माह्या वावरातले पाखरं पार तलावावर जाऊन बसले." तू पदराआड हसायचीस. मचाणावरून पलीकडच्या कापसाच्या पऱ्हाटीत वाकलेली तू मला दिसतेस. मी हाक मारते. तू कंबर सरळ करून हात वर करतेस, पुन्हा वाकतेस. एवढ्यासाठी मी कितीही ऊन सोसलं असतं.

हंगाम निम्म्यावर असताना एका सकाळी तू शिडी चढून आलीस आणि गोफण काढून घेतलीस. मी खांबाला मिठी मारली. "काहून नेतं मले? मी काय चुकली?"

"चुकली नाही. चांगली राखण करतं, म्हणूनच भेव लागून राहिलं मले. आज मालक म्हणते पोरगी कामाची हाये. उद्या सारं गाव म्हणन. मंग जलमभर तू कामाचीच राहशीन."

माझी मजुरी बुडाली; त्या थंडीत तुझी भाकरी अर्धी झाली, माझी होती तेवढीच राहिली. पुढे मी खूप वाचलं, इंग्रजीतलेही जाडजूड ग्रंथ वाचले. या कायद्याच्या बाजूने तुझ्याइतकं नेमकं कुणी बोललेलं मला सापडलं नाही. सुरुवातीला एका सभेत मी हे सगळं जसंच्या तसं सांगितलं होतं. पुढच्या रांगेतला एक जमीनदार उठला आणि म्हणाला, "म्हणजे बाईले वावरात आवडे नं? मंग कायदा कायले पायजे?" लोक खो खो हसले. पुढच्या सभेत मी गोष्ट उलटी केली. तुला काही विचारता येणार नव्हतं, तू तर गेलेली होतीस.

परवा सरकारी साहेबांसमोर मला याच कायद्यासाठी बोलायचं आहे. तिथेही बहुधा तुलाच दोषी ठरवीन. खरं सांगितलं आणि त्यामुळे पोरं मचाणावरच राहिली, तर तूच मला बोलशील, अशी मी मनाची समजूत घालते. हे कागदावर का लिहिते आहे, कोण जाणे. तुला वाचता येत नव्हतं, आणि ज्यांना येतं त्यांच्या हाती हा कागद मी पडू देणार नाही.

पण पोरांसाठी म्हणूनच मी खोटं बोलते असं नाही, माय. त्या खोट्यावर टाळ्या पडतात तेव्हा मला बरं वाटतं.